सईचे कान आणि चौथा ठराव

शनिवार, २२ जून. सकाळी साडेदहा. हजर: बाबा (अध्यक्ष), आई, आजोबा, मी (चिटणीस) आणि सई, वय चार, जमिनीवर ठोकळे मांडत. गैरहजर: कोणी नाही.

हे आठवून लिहिलेलं नाही, वहीत तसंच आहे. बाबा पुण्यात आमच्या सोसायटीचे आठ वर्षं चिटणीस होते, मुख्यतः दुसरं कोणी तयार नसायचं म्हणून. न्यूझीलंडला आल्यावर पाण्याची टाकी आणि पार्किंगचे तंटे मागे राहिले, पण सभा घ्यायची सवय त्यांच्याबरोबर विमानात बसून आली. महिन्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सभा भरायची. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर बरं होतं आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं. मी पंधरा वर्षांची होते. आज ऑफिसात, घरात, मुलांच्या शाळेत सगळीकडे मी याद्या करते म्हणून लोक हसतात; त्याची सुरुवात त्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत आहे. पहिला ठराव बूट दाराबाहेर काढण्याचा. दुसरा, हीटर एका वेळी एकाच खोलीत. तिसरा, शनिवारी पुण्याला फोन. आणि चौथा, त्या दिवशीचा: 'चि. सई हिला बोलण्यास अडचण येत असल्याने यापुढे घरात सर्वांनी फक्त इंग्रजीत बोलावे. सूचक बाबा, अनुमोदक आई. एकमताने मंजूर.' मत घेताना आजोबांचाही हात वर झाला, बाकीच्यांचे हात वर गेलेले पाहून, जरासा उशिरा. त्या उशिराकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. पण इतिवृत्तात त्याला रकाना नसतो.

आम्ही तेव्हा ओटाहुहु या उपनगरात भाड्याच्या घरात राहत होतो. लाकडी घर, बुटक्या खांबांवर उभं, जमीन फळ्यांची. कोणी बाथरूमकडून स्वयंपाकघरात चालत आलं तरी कपाटातल्या कपबशा किणकिणायच्या, आणि मागून मालगाडी गेली की सगळं कपाटच बोलायला लागायचं. हिवाळ्यात, म्हणजे इथे जून ते ऑगस्ट, खिडक्यांच्या काचांवर आतून पाणी जमायचं. सकाळी उठल्यावर पहिलं काम ते जुन्या टॉवेलने पुसणं. पडद्यामागच्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके असायचे. आई ते ब्लीचने घासायची, आठवड्याने ते परत यायचे. रविवारी बाबा पुकेकोहेकडे जाऊन शेताच्या फाटकावरून कांदे-बटाट्यांच्या पिशव्या आणायचे आणि मग आठवडाभर घरात कांदेपोहे, कांद्याची थालीपिठं, पिठलं. पालकाच्या जागी सिल्व्हरबीटची पातळ भाजी. उपासाला कुमराचा कीस.

आजोबा म्हणजे आईचे वडील. आई-बाबा त्यांना अण्णा म्हणत. पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या गडगडाटात, त्यांची सगळी नोकरी झाली. कानात घालायला काही द्यायची पद्धत तिथे नव्हती, त्यामुळे निवृत्त होईपर्यंत त्यांचे दोन्ही कान बरेचसे गेले होते. कानाचं मशीन होतं, ते बहुतेक वेळ डबीत असायचं. सहा महिन्यांच्या व्हिसावर ते आले होते, मुख्य म्हणजे सईला बघायला. सई इथलीच, आम्ही आल्यानंतर वर्षाच्या आत झालेली. आजोबांनी तिला फक्त फोटोत पाहिलं होतं.

सई बोलत नव्हती असं नाही, पण जे बोलायची ते अर्धवट. शब्दांची शेपटं गायब असायची, मराठीचीही आणि इंग्रजीचीही. हाक मारली तर कधी वळायची, कधी नाही. आई म्हणायची हट्टी आहे, बाबा म्हणायचे तंद्रीत असते. एक दिवस किंडीतल्या, म्हणजे बालवाडीतल्या बाईंनी, त्या मनाने फार चांगल्या होत्या, बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की दोन भाषांचा गोंधळ होत असेल, काही दिवस घरी एकच बोलून बघा. बाबांना दुसऱ्या कोणाला विचारावंसं वाटलं नाही. इथे आल्यावर कित्येक महिने त्यांनी इंटरव्ह्यू दिले होते, आणि समोरचा माणूस 'सॉरी?' म्हणून पुढे झुकला की तेच वाक्य ते आणखी हळू म्हणायचे. "आपल्यामुळे तिचं अडायला नको," एवढंच ते म्हणाले. इथल्या ओळखीच्या पुण्या-मुंबईच्या घरांनी माना डोलावल्या. दोन घरांनी तर लगेच तोच नियम लावला.

फ्रिजवर तक्ता मी चिकटवला. आडवी नावं, उभे वार, मराठी बोललं की फुली. ज्याच्या फुल्या जास्त त्याने रविवारची भांडी घासायची. पहिल्या आठवड्यात आईच्या एकोणीस, बाबांच्या अकरा, माझ्या सहा, आणि आजोबांच्या रकान्यात जागा संपली.

"मनू, मिठाला काय म्हणायचं गं?"

"सॉल्ट. आणि ही फुली, आजोबा."

"विचारल्याची पण?"

"हो."

"मग राहू दे. अळणी खातो."

कुमराचा कीस खाताना ते म्हणाले, "हे रताळंच आहे. पासपोर्ट काढलेलं." त्याबद्दल मी त्यांना एक फुली दिली आणि बाबा मराठीत 'अहो अण्णा' म्हणून हसले म्हणून त्यांनाही एक. सईही हसली होती.

तिसऱ्या आठवड्यात आजोबांच्या रकान्यात चार फुल्या होत्या. पाचव्यात एकही नाही. मी तक्त्याखाली लाल पेनने इंग्रजीत लिहिलं, 'आजोबा: उत्तम प्रगती', आणि शेजारी चांदणी काढली. ते इंग्रजी शिकले नव्हते. ते बोलायचे थांबले होते. माझ्या ते लक्षात आलं नाही असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. लक्षात आलं होतं. पण तक्ता स्वच्छ दिसत होता, आणि मला स्वच्छ तक्ता आवडायचा.

या सगळ्यात सईचे कान चालूच होते. थंडी सुरू झाल्यापासून एकच क्रम: आधी सर्दी, मग हिरवट नाक, मग कान धरून रडणं, मग ताप. साधारण संध्याकाळच्या जेवणाच्या सुमारास सुरू व्हायचं. आधी पॅरासिटामॉल, ताप हटला नाही तर डॉक्टर, मग केळ्याच्या वासाचं अँटिबायोटिक, फ्रिजच्या दारात, दिवसातून तीनदा, बाटली सांगितली तितके दिवस पूर्ण. त्याचाही तक्ता माझाच. त्यात एकही डोस चुकलेला नाही, आणि त्याचा काही उपयोगही झाला नाही, कारण बाटली संपून तीन आठवडे झाले की नवीन सर्दी यायची. आजोबांनी एकदा लसूण घालून तेल कोमट करायला घेतलं, तर आईने वाटीच उचलली. दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं की कानात काहीही घालायचं नाही, पडदा फाटलेला असेल तर तेल आत जाईल. "नो, अण्णा. नो ऑइल." मग ते तव्यावर रुमालाची घडी गरम करायचे, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचे आणि सईच्या कानावर धरायचे. गुडघा फुटला तर फुंकर घालता येते. कानाच्या दुखण्यात बघणाऱ्याला काही दिसतच नाही. चार मोठी माणसं एका लहान मुलीभोवती उभी राहून तिच्या बंद डोळ्यांकडे बघत राहतात. एका सकाळी उशीवर पिवळा डाग होता, कडेला थोडं रक्त, आणि सई मजेत ठोकळे मांडत बसलेली. पडद्याला भोक पडून पू वाहून गेला की कळ थांबते. नर्स म्हणाली, पडदा आपला भरून येईल. तो भरून आला, आणि परत फुटला.

ऑगस्टमधल्या एका रविवारी, दुपारच्या जेवणाला बाबा ऑफिसातला किस्सा सांगत होते. बाबांचे इंग्रजी किस्से लांबायचे, कारण ते वाक्य संपवण्याआधी मनात तपासून घ्यायचे. शेवटी किस्सा संपला. आम्ही हसलो. सई हसली. पंधरा दिवसांत 'येस', 'नो' आणि 'थँक्यू' यापलीकडे न गेलेले आजोबा हातातला घास ताटात ठेवून स्वच्छ मराठीत म्हणाले,

"ही माझ्यासारखी हसते."

मी पेन घेऊन उठले.

"मार फुली. दोन मार. मग इकडे ये आणि ऐक."

"अण्णा, व्हॉट..." बाबांनी सुरुवात केली.

"थांबा जरा, जावईबापू. तुमचा विनोद मला ऐकू आला नाही. तुम्ही सगळे हसलात म्हणून मी हसलो. कँटीनमध्ये उभा जन्म मी असाच हसलोय. आधी बाकीच्यांच्या तोंडाकडे बघायचं, मग हसायचं. ही तेच करते. आठ दिवस बघतोय मी."

"अण्णा, चार वर्षांची आहे ती," आई म्हणाली. तिच्या मराठीकडे कोणी लक्ष दिलं नाही.

आजोबांनी मला सईच्या पाठीमागे, हातभर अंतरावर उभं केलं, पाय न वाजवता. "नाव घे तिचं. हळू. तुझ्या तक्त्याला चालेल त्या भाषेत घे."

मी म्हटलं, "सई." ती वरणभात कालवत होती. "सई." थोडं मोठ्याने. "सई, डू यू वॉन्ट चॉकलेट?" तिने घास तोंडात घातला. आई खुर्चीवरून उठली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मग आजोबांनी बसल्या जागी टाच जमिनीवर आपटली, दोनदा. कपाटात कपबशा किणकिणल्या. सई झटकन वळली आणि त्यांच्याकडे बघून हसली, तोंडात भात घेऊन.

"जमिनीतून कळतं तिला," आजोबा म्हणाले. "तुम्ही चालत येता, फळी हलते, ती वळते. तुम्हाला वाटतं ऐकू आलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर बाईंनी दोन्ही कानांत बराच वेळ बघितलं आणि तपासायच्या पलंगावरच्या कागदावर पेनने कानाचं चित्र काढून दाखवलं. पडद्यामागे पाणी साचतं, प्रत्येक सर्दीबरोबर आणखी साचतं, निचरा झाला नाही की ते डिंकासारखं घट्ट होतं, आणि मग पडदा थरथरतच नाही. ग्लू इअर. मला म्हणाल्या, "पूलमध्ये डोकं पाण्याखाली असताना कोणाचं बोलणं ऐकलंयस? तिला आपण सगळे तसे ऐकू येतो." मी ते आजोबांना मराठीत ओरडून सांगितलं, बाहेर बसलेल्या पेशंटांनाही कळलं असेल, कुठल्या का भाषेत. मग डॉक्टर बाईंनी विचारलं, घरी कुठली भाषा बोलता?

"ओन्ली इंग्लिश," बाबा म्हणाले, गृहपाठ पूर्ण करून आलेल्या मुलासारखे.

"ओह. व्हाय?"

बाबांनी सांगितलं. डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या की याच्याशी भाषांचा काही संबंध नाही. मुलं दोन काय, तीन भाषा उचलतात. फक्त ऐकू यायला हवं. ऐकू आलं नाही तर एकही येत नाही. बाबांनी मान हलवली आणि खिशातून गाडीची किल्ली काढून परत खिशात ठेवली. परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. कुठल्या भाषेत बोलावं हे कोणाला ठरवता येईना, असं मला वाटतं.

रीतसर बघितलं तर त्याच दिवशी सभा बोलावून चौथा ठराव रद्द व्हायला हवा होता. मी वहीत विषय लिहूनही ठेवला. बाबा म्हणाले, "आत्ता नको. आधी कान होऊ देत." स्पीच थेरपीचे व्यायाम इंग्रजीत होते, पाच वर्षांची झाली की शाळा, तिथेही इंग्रजी, आता भाषा बदलली तर परत गोंधळ. एक एक काम घेऊ. मला ते पटलं. मी एक एक काम घेणारीच मुलगी होते. आईने नुसती कणीक मळली. आजोबा त्या दिवसापासून माझ्याशी आणि आईशी मराठीत बोलायला लागले, पण सईसमोर नाही.

"तुम्ही बोला हो तिच्याशी," मी म्हटलं. "आता फुल्या नाहीत."

"ठराव झालाय ना? मी हात वर केलाय," ते म्हणाले. "रद्द करा, मग बोलतो."

डॉक्टर म्हणाल्या होत्या की तीन महिने वाट बघायची, बरेचदा आपोआप निवळतं. नाही निवळलं तर लहानसं ऑपरेशन: पडद्याला बारीक छेद देऊन त्यात तिळाएवढी नळी बसवायची, ग्रोमेट म्हणतात, म्हणजे आत हवा जाते आणि पाणी साचत नाही. त्याआधी कानांची तपासणी झाली. पेटीसारख्या बंद खोलीत सईला हेडफोन लावून बसवलं. आवाज ऐकला की हातातली लाकडी खुंटी डब्यात टाकायची. आम्ही काचेच्या अलीकडे, आमच्या बाजूला स्पीकरवर तोच आवाज येत होता. टूं. सई खुंटी धरून समोरच्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. टूं, जरा मोठा. तिची नजर चेहऱ्यावरून हलेना. त्या हसल्या असत्या तर तिने लगेच खुंटी टाकली असती, पण त्या सवयीने सरळ चेहरा ठेवून बसल्या होत्या. मला वाटत होतं काच फोडून आत जावं आणि तिच्या हातातली खुंटी आपणच डब्यात टाकावी.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पत्र आलं: तुमच्या मुलीचं नाव यादीत घेतलं आहे. तोपर्यंत माझा समज होता की एखादी गोष्ट यादीत लिहिली की अर्धं काम झालं. दर सोमवारी शाळेतून आल्यावर मी आईचा आवाज काढून हॉस्पिटलला फोन करायची.

"यू आर ऑन द लिस्ट, डिअर."

"व्हेअर ऑन द लिस्ट?"

"कान्ट से, डिअर."

आजोबांचा व्हिसा डिसेंबरच्या मध्यापर्यंत होता. कॅलेंडरवर त्या तारखेभोवती त्यांनी स्वतः गोल काढला होता. त्यांना एकच गोष्ट बघून जायचं होतं: जमीन न हलवता, मागून नुसती हाक मारली आणि सई वळली. हे त्यांनी आईबाबांना सांगितलं नाही. मला सांगितलं, कारण फोन मी करत होते. "डिसेंबरच्या आधी जमतंय का विचार. म्हातारा परत जायचाय म्हणावं." मी तेही सांगितलं. "ऑ, दॅट्स सॅड, डिअर," पलीकडची बाई म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलं असावं. तिच्याही हातात काही नव्हतं. बाबांनी मुक्काम वाढवायला अर्ज करायचं सुचवलं, तर आजोबा म्हणाले, "आणि यादीत तिचा नंबर जूनमध्ये आला तर? राहू दे. पुण्यातल्या घराला कुलूप आहे."

तोवर त्या दोघांनी घरात तिसरीच भाषा काढली. एक टाच म्हणजे बघ. दोन टाचा म्हणजे ये. तीन म्हणजे खाऊ, आणि मग आजोबांच्या मुठीतून शेंगदाण्याचा लाडू निघायचा. पाय लांब घासला की झोपायची वेळ. दिवसभर ठकठक चालायची, मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि उलट. सई त्यांना उत्तरंही द्यायची, अनवाणी, लहानशी, जेमतेम फळी हलेल अशी, आणि आजोबा बरोबर ओळखायचे. बाबा वैतागून म्हणायचे की घर आहे का तालीम. मी मात्र बरेच दिवस विचार करत होते की या भाषेची फुली द्यावी की नाही. तक्ता तेव्हा कोणी भरत नव्हतं. पण काढलाही नव्हता.

डिसेंबरात ते पुण्याला परत गेले. विमानतळावर आईने त्यांच्या पिशवीत दशम्यांचा डबा कोंबला, बाबा पाया पडले. मला ते म्हणाले, "कान झाले की तिला माझ्याशी फोनवर बोलू दे. मराठीत. इंग्रजी मला फोनवर कळत नाही, तोंड दिसत नाही ना." मग आत जायच्या दाराशी पोचल्यावर ते वळले आणि टाच आपटली, दोनदा. खाली फरशी होती. दगड काही हलला नाही. सई आमच्याकडे पाठ करून ट्रॉलीचं चाक फिरवत बसली होती. मी तिला उचलून तिकडे तोंड करून दाखवेपर्यंत ते आत गेले होते.

फेब्रुवारीत बोलावणं आलं. सकाळी सात वाजता नेलं, जेवणाच्या वेळेला घरी. एवढ्या महिन्यांची वाट आणि काम अर्ध्या तासाचंही नव्हतं. गाडीत सई कानांवर हात ठेवून म्हणाली, "टू लाउड." घरी येऊन फ्रिजसमोर मांडी घालून बसली आणि त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "टॉकिंग." फ्लशच्या आवाजाला रडली. आई पोळ्या लाटत होती, तर तिने आईचा हात धरून बांगड्या एकेक करून हलवून बघितल्या. आईने लाटणं खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मी मागे जाऊन, श्वास टाकावा इतक्या हळू म्हटलं, "सई." ती वळली. चार वाजून दहा मिनिटं, वहीत आहे. त्यानंतर ती मधल्या खोलीत गेली आणि जमिनीवर टाच आपटली, दोनदा, आणि दाराकडे बघत उभी राहिली. थोड्या वेळाने परत दोनदा. आम्ही तिघंही जागचे हललो नाही. तिने आम्हाला बोलावलं नव्हतं.

त्या शनिवारी पुण्याला फोन लावला. आजोबांनी मशीन कानाला लावून ठेवलं होतं, शिट्टी वाजत होती.

"सई? ऐकू येतंय का गं बाळा?"

"आय कॅन हिअर यू," सई म्हणाली.

"काय म्हणते?"

"ऐकू येतंय म्हणते, आजोबा," मी मधून ओरडले.

"मग मराठीत सांग म्हणावं."

मी सईला म्हटलं, म्हण, ऐकू येतंय. तिने माझ्या ओठांकडे बघितलं, आता गरज नव्हती तरी. मग फोन माझ्या हातात दिला आणि फ्रिजकडे गेली.

पुढे तिचं इंग्रजी पुरासारखं आलं. सहा महिन्यांत ती वर्गातल्या मुलांना बोलू देईना. ग्रोमेटमध्ये पाणी जाऊ नये म्हणून केस धुताना कापसाला व्हॅसलीन, पोहायला जाताना टॉग्जबरोबर, म्हणजे पोहायच्या कपड्यांबरोबर, कानात बसवायच्या मेणासारख्या गोळ्या, दर काही महिन्यांनी तपासणी, वर्षभराने नळ्या आपोआप गळून पडल्या. सगळं माझ्या वहीत नीट आहे. आम्ही इतके खूश होतो की मराठीची आठवण आली तरी 'बघू पुढे' म्हणायचो. आजोबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. तोपर्यंत दर शनिवारी सई फोनवर 'नमस्कार आजोबा' म्हणायची, ते मी पाठ करून घेतलं होतं, आणि तिकडून जे यायचं ते मी सांगायची. ठराव रद्द झाला नाही, म्हणजे कुठल्याच सभेत तो विषय आला नाही. त्या वर्षानंतर सभाच बंद पडल्या.

आता मी फ्लॅट बुश या उपनगरात राहते, आईबाबा आमच्याकडेच असतात, सई गाडीने दहा मिनिटांवर. पाहुणे आले की बाबा कौतुकाने सांगतात, "आमची धाकटी पक्की किवी. लहानपणी मराठी बोलायलाच तयार नव्हती." हे ते खोटं बोलतात असं मला वाटत नाही. इतकी वर्षं सांगून त्यांना ते तसंच आठवतं. आई त्या वेळी चहा ठेवायला उठते. आणि सई हसून म्हणते, "येह, आय वॉज अ लिटल स्नॉब."

गेल्या शनिवारी ती तिच्या दहा महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. बाळाचा कान पहिल्यांदाच दुखत होता, रात्रभर कोणी झोपलेलं नव्हतं. मी सगळं सांगितलं: पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, औषध फ्रिजमध्ये, संपेपर्यंत द्यायचं, कानात काही घालायचं नाही, आणि पुन्हा पुन्हा व्हायला लागलं तर कान तपासून घ्यायचेच, कोणी काही म्हणो. तिने फोनवर टिपून घेतलं. तिलाही याद्या लागतात. मग रुमाल तव्यावर शेकून मी बाळाच्या कानावर धरला.

"ताई, तू हिच्याशी मराठीत बोल हं," ती म्हणाली. 'ताई' आणि 'हं' एवढं तिच्याकडे राहिलंय. बाकी इंग्रजीत. "मला नाही येणार शिकवता. मी लहानपणी स्वतःच नको म्हटलं, आता कोणाला सांगू?"

रुमाल गार झाला होता. मी म्हटलं, "परत गरम करून आणते."

स्वयंपाकघरातून मी बघितलं. बाळ रांगत सोफ्याच्या मागे चाललं होतं, आणि सईने बसल्या जागी टाच जमिनीवर आपटली, दोनदा. आमच्या घराची जमीन काँक्रीटची आहे, वर टाइल. काही हललं नाही. बाळही वळलं नाही.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

"डोन्ट नो," ती म्हणाली. "ऑलवेज डन इट."

मी रुमाल आणून दिला. ते गेल्यावर निळी वही काढली, चौथा ठराव वाचला, त्याखाली माझीच सही. माझ्या डायरीत 'सईला सांगणे' ही नोंद गेली कित्येक वर्षं पुढच्या पानावर जाते. दर जानेवारीला मी ती नव्या डायरीत सगळ्यात आधी उतरवते. हे प्रकरण लिहून पूर्ण झालं तरी ते काम झालेलं नाही, कारण हे मराठीत आहे आणि तिला वाचता येत नाही. पुढचा शनिवार रिकामा आहे. हजर: मी, सई, बाळ. विषय एकच. नोंद पुन्हा पुढे घेतली आहे.